बंगई परतली, घर परतले का?

नव्या घरांच्या वास्तुशांतीला जाण्याचा योग ज्यांना अलीकडे वारंवार आला असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट खचितच आली असेल. ज्या वस्तू तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच घरांतून अडगळीत गेल्या किंवा वजनावर मोडीत निघाल्या, त्याच आता दिवाणखान्यात मानाच्या जागी विराजमान झालेल्या दिसतात. बंगई परतली आहे. पितळी घंगाळ, वेताच्या विणीची खुर्ची, लाल कोबा, नक्षीची फरशी, भिंतीतला कोनाडा, जुन्या सागवानी दरवाजाची फळी, हे सारे परतले आहे. गृहसजावटीची नियतकालिके या प्रवाहाला ‘मुळांकडे परतणे’ असे भारदस्त नाव देतात आणि वाचकही सुखावतो.

या परतण्याचे स्वागत करावे असेच प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल, आणि आम्हांलाही ते वाटते. परंतु समीक्षेचे काम स्वागतापाशी संपत नाही. एखाद्या नव्या कवीने ओवी हाताळली तर आपण एवढ्यावर समाधान मानत नाही की जुना छंद जिवंत झाला. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी आणि दळणारणीच्या श्वासाशी बांधलेली होती. जाते गेल्यावर ती लय नव्या कवितेत कोणते काम करते, असे आपण विचारतो. काम करीत असेल तर ती कविता, नसेल तर ती नक्कल. हाच प्रश्न घराला विचारण्यास प्रत्यवाय नसावा. घर हीदेखील एक रचना आहे, आणि तिलाही आशय असतो.

कोनाड्यापासून आरंभ करू. जुन्या घरातील मातीची वा विटा-मातीची भिंत दीड-दोन फूट जाडीची असे. एवढी जाडी भार पेलण्यासाठी आणि उन्हाची झळ अडवण्यासाठी आवश्यक होती. त्या जाडीतून हातभर जागा कोरून घेतली की कोनाडा होई. त्यात दिवा ठेवला तर वाऱ्याने विझत नसे, तेलाचे डाग भिंतीवर पसरत नसत, आणि लहान मुलाचा हातही सहजी पोहोचत नसे. कोनाड्यासाठी वेगळे साहित्य लागत नव्हते. भिंतीतील थोडे साहित्य कमी केले की तो तयार. आजच्या घरातील आतली भिंत चार-साडेचार इंची. तिच्यात कोनाडा बसत नाही. म्हणून तिच्यापुढे प्लायवुडची किंवा जिप्समची दुसरी भिंत उभी करतात, तिच्यात पोकळी ठेवतात, आणि त्या पोकळीत विजेची बारीक पट्टी लपवतात. दिव्यासाठी जन्मलेल्या जागेला आता उजेड बाहेरून पुरवावा लागतो. जे वजाबाकीने होत होते ते बेरजेने करावे लागते, आणि त्या बेरजेत खोलीची सहा-आठ इंच रुंदीही खर्ची पडते.

तीच गत कडीपाटाची. तुळई आणि कड्या छताचा भार वाहत असत. आज सिमेंटच्या स्लॅबखाली लाकडाचा मुलामा दिलेल्या पोकळ तुळया चिकटवतात. त्या कशाचाही भार वाहत नाहीत. उलट त्यांचाच भार स्लॅबला वाहावा लागतो. पितळी भांड्यांची कथा याहून बोलकी आहे. पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवला तर तो कळकतो, म्हणून आतून कथिलाचा पातळ थर द्यावा लागे. भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथिल फिरवणारा कल्हईवाला दारोदार येत असे. तो येईनासा झाला, तेव्हाच ते भांडे स्वयंपाकातून बाद झाले. आज ते परतले आहे ते पारदर्शक लेप चढवून, म्हणजे काळे पडू नये आणि घासावेही लागू नये अशा रूपात. त्यात कुंडी ठेवता येते. आमटी करता येत नाही. कल्हईवाल्यावाचून परतलेले पितळ हे सेवानिवृत्त पितळच राहणार.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. परंपरा म्हणून आपण जे मिरवतो ते तरी कितीसे जुने? मंगलोरी कौल बासेल मिशनच्या मंडळींनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढून बनवू लागल्यावर पसरले. नक्षीच्या सिमेंट फरशीचे एक मोठे नाव म्हणजे मुंबईची भारत टाइल्स ही कंपनी. तिची स्थापना १९२२ ची. परदेशी फरशीला स्वदेशी पर्याय देण्याच्या उमेदीने ती उभी राहिली. म्हणजे आज ज्या फरशीला आपण आजीच्या घरची फरशी म्हणून गहिवरतो, ती आजीच्या सासऱ्याने आधुनिक दिसण्यासाठी बसवलेली फरशी होती. सारवलेली जमीन तिच्याखाली गाडली गेली आणि त्या काळच्या जुन्या माणसांनी नाके मुरडली असतील. पुढे मोझॅक आले, मग चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी आली, आणि आता चक्र फिरून नक्षीपाशी आले.

याचा अर्थ असा की, ‘मुळे’ हा शब्द येथे जपून वापरावा. आपली जुनी घरेही आपापल्या काळच्या नवलाईला सरावलेली होती. मात्र आमच्या पूर्वजांच्या नवलाईत आणि आजच्या परतण्यात एक भेद आहे. त्यांनी फरशी आणली ती सारवणाचे कष्ट वाचावेत, ओल येऊ नये म्हणून. त्यांनी कौल आणले ते पावसाने गळू नये म्हणून. वस्तू घरात शिरली ती कामावर रुजू होण्यासाठी. आजच्या परतलेल्या वस्तूंपैकी बहुतेकींना घरात काम नाही. त्यांनी दिसावे एवढीच अपेक्षा आहे.

दिसण्यालाही प्रतिष्ठा असू शकते, हे आम्ही नाकारत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण मराठी वाचकाला अपरिचित नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह वाढवला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, स्वयंपाकघरातील उपकरणे अशा नित्य वापराच्या वस्तूंना त्यांनी राजेरजवाड्यांच्या शस्त्रांइतकाच मान दिला. तेथे अडकित्ता काचेआड असतो आणि त्याने सुपारी कातरली जात नाही; पण तेथे कोणी तसा आभासही निर्माण करीत नाही. संग्रहालयातील वस्तू स्वतःची निवृत्ती उघडपणे मान्य करते आणि पाहणाऱ्याला आपल्या पूर्वायुष्याविषयी सांगते. दिवाणखान्यातील वस्तू निवृत्त असूनही कामावर असल्याचा बहाणा करते. जुना दरवाजा आडवा करून त्यावर काच टाकतात आणि चहाचे कप ठेवतात. त्या दरवाजाची कडी वर येते, पण ती वाजवणारा कोणी नसतो.

वाडा दिखाऊ नसून दायित्व असतो, हे आपल्या विदर्भाच्याच एका नाटककाराने फार खोलवर दाखवले आहे. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. वडिलांच्या मृत्यूनंतर एकत्र जमलेले देशपांडे कुटुंब, अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर, दिवसकार्याच्या खर्चाची चिंता, दागिन्यांवर खिळलेल्या नजरा, हे सारे त्या नाटकाच्या वाचकांना ठाऊक आहे. तेथील वाडा कोणाच्याही अभिरुचीचा विषय नाही. तो सांभाळणे परवडत नाही आणि सोडणेही जमत नाही. नाटक पाहून बाहेर पडताना तसा झोपाळा आपल्याही घरी असावा असे कोणाला वाटत नाही. आपल्या घरात कोणाचे आयुष्य भिंतींखाली दबले, हे आठवते. सजावटीच्या पृष्ठांवर जो वाडा येतो तो हे ओझे उतरवून ठेवलेला वाडा आहे. त्यात चौक आहे पण भाऊबंदकी नाही, देवघर आहे पण सोवळे नाही, माजघर आहे पण माजघरातल्या बायका नाहीत.

आणि येथेच जुन्याच्या भक्तांनी थोडे थांबावे. ज्या कामावाचून वस्तू पोकळ झाल्या असे आम्ही म्हणतो, ते काम केले कोणी? सारवण, पोतणे, चिंच आणि राख घेऊन ताम्हण-तांब्यांचा डोंगर घासणे, जात्यावर पहाटेचे दळण, विहिरीचे पाणी, या साऱ्यांना हात होते, आणि ते बहुतांशी घरातील स्त्रियांचे व गडी-मोलकरणींचे होते. बंगईवर बसणारे आणि पितळ घासणारे हात एकच नव्हते. कोणत्या जातीच्या माणसाने छपरीपर्यंत यावे, कोणी माजघरापर्यंत आणि कोणी मागील दारानेच, हेही त्या घराच्या आराखड्यातच कोरलेले होते. तेव्हा जुने घर जसेच्या तसे परतावे अशी इच्छा कोणी सुज्ञ करणार नाही. पितळाला लेप चढवून एखाद्या गृहिणीने आपले मनगट वाचवले असेल तर तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. जुन्या घरातील अन्याय टाकून त्याचे शहाणपण ठेवायचे, हे सोडून आपण दोन्ही टाकले आणि केवळ छायाचित्र ठेवले, असे तर झाले नाही ना?

आता आपल्या बालाघाटकडे वळू, कारण हा प्रश्न पुण्या-मुंबईहून येथे वेगळे रूप घेतो. बालाघाट जिल्हा १८६७ साली अस्तित्वात आला. कोणी भोसल्यांच्या काळी, कोणी पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात कारकून, वकील, शिक्षक, मालगुजार म्हणून, आपली घराणी वैनगंगेच्या या खोऱ्यात आली आणि स्थिरावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एकीकडे गेले आणि आपण दुसरीकडे राहिलो. त्यानंतर मराठीपण टिकवण्याचा प्रश्न आपल्यासाठी घराच्या भिंतींआडचा प्रश्न झाला. शाळा, कचेरी आणि बाजार हिंदीचे झाले. मराठी उरली ती उंबऱ्याच्या आत. म्हणून आपल्या बाबतीत घर कसे असावे हा नुसता शोभेचा विषय राहत नाही.

आपल्या पूर्वजांनी येथे जी घरे बांधली ती पुणेरी वाड्याच्या प्रतिकृती नव्हत्या. घराची मांडणी त्यांनी बरोबर आणली: पुढे छपरी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे आंगण, विहीर, वाडी. पण लाकूड येथील जंगलातले, बांबू येथला, कवेलू येथल्या कुंभाराचे, भिंती पोतायला छुई माती येथली, आणि ती पोतणारे हातही पुष्कळदा येथल्या गोंड, पवार, मरार शेजाऱ्यांचे. त्या घरांत बोलले जाणारे शब्दही असेच सरमिसळ होते. पुण्याच्या माणसाला झोपाळा ठाऊक. बंगई म्हटले की तो थबकतो. कौल त्याला कळते. कवेलू समजावून सांगावे लागते. छपरी हा शब्द तर आता त्याच्याकडे भलत्याच अर्थाने, एखाद्याला हिणवण्यासाठी, वापरला जातो. हे शब्द आपल्या मराठीचे खास धन आहे, आणि ते शब्दकोशाच्या आधाराने जगलेले नाहीत. त्या त्या जागेच्या आधाराने जगले. छपरी पाडून तेथे ‘सिट-आउट’ काढला की पुढल्या पिढीला तो शब्द शिकवण्यासाठी बोट दाखवायला जागा उरत नाही. दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरणे बंद झाले तेव्हा घरावर चढणाऱ्या माणसाबरोबर ते क्रियापदही खाली उतरले.

याच्या जागी आज ‘महाराष्ट्रीय घर’ म्हणून जे आपल्याकडे येते ते छापील नमुन्यावरून येते. नथीचे चित्र, पैठणीचा तुकडा चौकटीत, आणि हमखास एक वारली चित्र. वारली चित्रकलेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. ठाणे-पालघरकडील वारली समाजात लग्नप्रसंगी स्त्रिया भिंतीवर चौक लिहीत; १९७० च्या दशकात ती कला कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर नेले. परंतु बालाघाटच्या मराठी घराने आपली ओळख म्हणून पालघरची भिंत टांगावी आणि शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढचे नावही घेऊ नये, यात आम्हांस विसंगती दिसते. भोपाळचे भारत भवन १९८२ साली सुरू झाले, त्या सुमारास पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या परधान गोंड तरुणाची चित्रे जगापुढे आली आणि गोंड चित्रकलेचे एक नवे युग सुरू झाले. गोंड घरांच्या भिंतींवरील डिग्ना आणि मातीचे उठावकाम आपल्या आजोबांनी रोजच्या वाटेवर पाहिले आहे. ज्या मातीने आपल्या घराच्या भिंती पोतल्या तीच ती माती. मराठीपण म्हणजे दुरून मागवलेली खूण असा समज करून घेतल्यामुळे, दीडशे वर्षे जिच्या शेजारी राहिलो ती कला आपल्याला परकी वाटते. आपले मराठीपण बालाघाटी आहे. ते तसेच दिसले तर त्यात उणेपणा नाही.

मग खरे परतणे असते तरी कसे? दोन उदाहरणे पुरेशी होतील. पहिले सेवाग्रामचे. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. तेथील कुटी माती, बांबू, कौले अशा जवळपासच्या साहित्याची. तिच्या रचनेत मीराबेनचा हात होता, आणि भिंतीवरील मातीचे उठावाचे नक्षीकामही त्यांचेच. तेथेही फळ्या भिंतीतच आहेत, बैठक जमिनीवरच आहे. पण त्यात जुन्याची हौस नाही. जे लागते ते आहे आणि जे लागत नाही ते नाही. १९७८ साली विचारवंत इव्हान इलिच तेथे आले आणि त्या कुटीत बसून त्यांना जे उमगले त्यावर त्यांनी भाषण दिले. सामानाने भरलेले घर माणसाला सामानावर अवलंबून ठेवते, हा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ. सजावटीचे नियतकालिक या कुटीचे छायाचित्र छापू शकेल, पण त्यातून विकण्याजोगे त्याला काही मिळणार नाही.

दुसरे उदाहरण लॉरी बेकर (१९१७–२००७) यांचे. केरळात आयुष्य वेचलेल्या या वास्तुविशारदाने जुन्या मंगलोरी कौलांना नवे काम दिले. सिमेंटच्या स्लॅबमध्ये ताण सोसतात त्या खालच्या लोखंडी सळ्या. त्यांच्या आसपासचे बरेच काँक्रीट नुसते भर म्हणून असते. बेकरांनी त्या जागी कौले बसवली. त्यामुळे सिमेंट कमी लागले, स्लॅब हलका झाला, कौलांमधील हवेच्या पोकळीने ऊन थोडे अडवले, आणि खालून पाहिले तर छताला आपोआप नक्षी मिळाली. कौल परतले ते कामावर परतले. शोभा त्या कामातून निघाली. प्लायच्या कोनाड्यात आणि या स्लॅबमध्ये जे अंतर आहे तेच आम्हांस या लेखात दाखवायचे होते.

या कसोटीवर आपल्या नव्या घरांतील पुष्कळ गोष्टी उतरू शकतील. बालाघाटचा उन्हाळा आणि चार महिन्यांचा पाऊस बदललेला नाही. पश्चिमेची भिंत जाड ठेवली, पुढे खोल छपरी घेतली, खिडक्या समोरासमोर काढल्या, छतावर उतरते कवेलू घातले तर वातानुकूलन यंत्राचे तास कमी होतील. मग त्या जाड भिंतीत कोनाडा हवा असेल तर तो फुकट मिळेल. छपरी असेल तर शेजारी आत न येता बसू शकेल, आणि बसला तर मराठीत वा हिंदीत चार शब्द बोलेल. बंगईला पडदा-उशा हव्या असतील तर त्यांचे कापड वारासिवनीच्या मागावरचे असावे. त्याने एका विणकराचा दिवस भरेल. आणि बंगईवर रोज कोणी बसणार नसेल तर ती टांगू नये. रिकाम्या बंगईइतकी घरातली जागा अडवणारी दुसरी वस्तू नाही.

एक अखेरचे निवेदन. आपल्यापैकी अनेक घराण्यांची जुनी घरे येत्या काही वर्षांत पडणार आहेत. वाटण्या झाल्या, मुले पुण्या-बंगळूरला गेली, वाळवीने तुळया पोखरल्या. पाडण्याला सबळ कारणे आहेत आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. व्यापारी येतो, चौकटी व खांब उचलतो, आणि त्या कोण्या दूरच्या उपाहारगृहाच्या भिंतीवर जातात. तसे होण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात असे आम्हांस सुचवावेसे वाटते. घराचा आराखडा पावलांनी मोजून कागदावर काढावा. प्रत्येक जागेला घरातील वडीलधारी मंडळी जे नाव घेत तेच नाव त्यावर लिहावे, मग ते कोशात असो वा नसो. आणि ती जागा कोणी बांधली, कोणी पोतली, तेथे कोण बसे आणि कोणाला बसण्याची मुभा नव्हती, हे चार ओळींत नोंदवावे. असे वीस-पंचवीस आराखडे आपल्या मंडळाच्या दप्तरी जमले तर बालाघाटच्या मराठी घराचा पहिला शब्दकोश त्यातून तयार होईल. दरवाजा विकला गेला तरी चालेल. त्यातून कोण ये-जा करीत असे, हे मात्र विकत घेता येणार नाही.